युद्ध संपवण्यासाठी अणुबाँबचा वापर (समर्थनाचा वाद)

युद्ध लवकर संपावं म्हणून अणुबाँब टाकणं योग्य ठरतं का, हा वाद इतिहास, नीतिशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय कायदा अशा तिन्ही ठिकाणी चालू आहे. चर्चा कितीही तात्त्विक झाली तरी उदाहरण एकच आहे, ऑगस्ट १९४५ मधलं: ६ तारखेला हिरोशिमा, ९ तारखेला नागासाकी. वर्षअखेरपर्यंतचे मृत्यू हिरोशिमात साधारण १,४०,००० आणि नागासाकीत ७०,००० च्या आसपास धरतात, पण सगळे अंदाज एकत्र पाहिले तर दोन्ही शहरं मिळून १,१०,००० पासून २,१०,००० पर्यंत आकडे दिसतात. मेलेल्यांत कोरियन लोकही हजारोंच्या संख्येने होते, त्यातले बरेचसे मजुरीसाठी आणलेले.

समर्थनाची नेहमीची मांडणी अमेरिकेचे त्या वेळचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांच्या फेब्रुवारी १९४७ मधल्या लेखातून आली. जपानवर चढाई करावी लागली असती तर एकट्या अमेरिकेचे दहा लाखांहून जास्त सैनिक हताहत झाले असते, असं त्यात होतं. इथे एक गोष्ट नीट बघायला हवी, हताहत म्हणजे फक्त मेलेले नाहीत, त्यात जखमी आणि बेपत्ताही येतात, आणि मराठीत उतरताना याचं 'दहा लाखांचे प्राण वाचले' असं कधी होतं ते कळतही नाही. जून १९४५ मध्ये लष्करी नियोजकांनी एक अंदाज काढला होता, तो एकूण १,९३,५०० हताहतांचा, त्यात मृत्यू ४०,०००. अर्थात हाही अंदाजच, आणि क्यूशू बेटावर १ नोव्हेंबरला उतरायचं ठरलेलं असताना जपानने तिथे जुलैभर फौज वाढवत नेली होती, त्यामुळे आधीचे आकडे कमी पडले असते असं रिचर्ड फ्रँकसारखे अभ्यासक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरी दहा लाख ही संख्या नंतरची, निर्णयाच्या वेळची नाही, एवढं बहुतेक मान्य होतं.

मोकुसात्सु प्रकरण : या वादात सगळ्यात जास्त शाई बहुधा या एका शब्दावर खर्च झाली असेल. २६ जुलै १९४५ ला अमेरिका, ब्रिटन आणि चीन यांनी पॉट्सडॅम जाहीरनामा काढला, त्यात जपानी सैन्याच्या बिनशर्त शरणागतीची मागणी होती आणि सम्राटाचं काय होणार यावर अवाक्षर नव्हतं. २८ जुलैला पंतप्रधान सुझुकी कांतारो पत्रकारांपुढे आले आणि आपण याला 'मोकुसात्सु' करणार असं म्हणाले. शब्दातली पहिली खूण मौनाची, दुसरी मारण्याची. बाहेर बातमी गेली ती 'दुर्लक्ष केलं' आणि पुढे 'धुडकावलं' अशी. मग १९५० च्या दशकात एक थिअरी पसरली की सुझुकींना 'सध्या काही बोलायचं नाही' एवढंच म्हणायचं होतं, भाषांतर चुकलं आणि म्हणून बाँब पडले.

मराठी वाचकाला हा शब्द समजायला खरं तर सोपा आहे, कारण आपल्याकडे 'अनुल्लेखाने मारणे' आहेच, तेही अक्षरशः तसंच, गप्प राहून मारणं. आणि आपण कुणाला अनुल्लेखाने मारतो तेव्हा ते 'विचार करून कळवतो' असं नसतं, त्यात तुच्छता असते. त्यामुळे भाषांतराच्या चुकीची थिअरी ऐकायला भारी वाटली तरी ती फार ताणता येत नाही. त्याच सकाळच्या जपानी पेपरांतही हा शब्द येऊन गेला होता. शिवाय परराष्ट्रमंत्री तोगो आणि मॉस्कोतले जपानी राजदूत सातो यांच्यातल्या तारा अमेरिका फोडून वाचत होती, त्यात सातो कळवळून सांगतायत की राजघराणं टिकवण्याची एकच अट ठेवा आणि बाकी मान्य करा, आणि २१ जुलैला तोगो उत्तर देतायत की बिनशर्त शरणागती कुठल्याही परिस्थितीत शक्य नाही. म्हणजे घोटाळा शब्दाचा नव्हता, टोकियोतच एकमत नव्हतं.

दुसरा मुद्दा तारखांचा आहे. बाँब टाकण्याचा लेखी आदेश अमेरिकी जनरल हँडी यांच्या सहीने २५ जुलैलाच निघालेला होता, जाहीरनाम्याच्या आदल्या दिवशी: साधारण ३ ऑगस्टनंतर हवामान ठीक असेल तेव्हा हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी यांपैकी एकावर पहिला, आणि पुढचे तयार होतील तसे. नागासाकीसाठी वेगळा निर्णय झालाच नाही, तो याच आदेशात बसला होता, आणि त्या दिवशीचं मूळ लक्ष्यही कोकुरा होतं, तिथलं नीट दिसेना म्हणून विमान वळलं. सुझुकी होकार देते तर आदेश मागे घेता आला असता हे खरं, पण 'उत्तर आलं आणि मग ठरवलं' हा क्रम कागदपत्रांत सापडत नाही.

युद्ध नक्की कशाने संपलं? समर्थन टिकतं की पडतं ते इथेच. जपानच्या सहा जणांच्या सर्वोच्च युद्धमंडळाची बैठक हिरोशिमानंतर तीन दिवस झालीच नाही, ती ९ ऑगस्टला सकाळी झाली, आणि त्याआधीच, ८ ची मध्यरात्र उलटल्यावर, सोव्हिएत फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात घुसल्या होत्या. इतिहासकार हासेगावा त्सुयोशी यांचा भर यावर आहे, कारण जपानला तडजोड हवी होती ती मॉस्कोच्या मध्यस्थीने आणि तो रस्ताच बंद झाला. उलट दुसरे इतिहासकार असादा सादाओ दाखवतात की सम्राटाने ८ तारखेलाच तोगोंना लढाई लवकर संपवायला सांगितलं होतं. बैठक चालू असताना नागासाकीची बातमी आली, तरीही शरणागतीच्या अटींवर मत तीन विरुद्ध तीनच राहिलं आणि शेवटी त्या रात्री सम्राटाला निर्णय द्यावा लागला. सम्राटाच्या १५ ऑगस्टच्या शरणागतीच्या भाषणात 'नव्या क्रूर बाँब'चा उल्लेख आहे, १७ तारखेच्या सैन्याला दिलेल्या फर्मानात बाँब नाही, सोव्हिएत युद्धप्रवेश आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा तो पुरावा मिळतो. हिरोशिमा आणि सोव्हिएत चढाई यांचा एकत्रित धक्का, हे मत आज जास्त पटण्यासारखं आहे, पण त्यात नागासाकीचं समर्थन करणं फार अवघड जातं. १९६५ मध्ये गार अल्पेरोविट्झ यांनी बाँब खरा रशियाला दाखवण्यासाठी होता असं मांडलं, त्यातला रशियाचाही विचार होता हा सौम्य भाग टिकला, तेच खरं कारण हा टोकाचा नाही. खुद्द अमेरिकेच्या बाँबहल्ला-पाहणी अहवालाने १९४६ मध्ये म्हटलं होतं की बाँब, रशिया आणि चढाई तिन्ही नसते तरी १९४५ संपायच्या आत जपान शरण आला असता, हे मात्र थोडं धाडसाचंच, हवाईदलाचं महत्त्व दाखवायचं होतं हे लक्षात ठेवून वाचावं.

नीतिशास्त्रात एलिझाबेथ अँस्कम यांनी १९५६ मध्ये ट्रुमनना, म्हणजे बाँब टाकले तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना, ऑक्सफर्डची मानद पदवी द्यायला विरोध केला, निरपराधांना मारणं हेच साधन बनवलं तर तो खून आहे, हेतू कितीही चांगला असो. मायकेल वॉल्झर वेगळीकडून येतात, मुळात बिनशर्त शरणागतीचा हट्टच कशाला, तो सोडला की 'चढाई की बाँब' असे दोनच पर्याय उरत नाहीत. जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी भिन्नमतात बाँब टाकण्याच्या निर्णयावर कडक लिहिलं. समर्थकांचं सगळ्यात बळकट उत्तर वेगळंच आहे: १० मार्चच्या पहाटेपर्यंत टोकियोत साध्या आगलाव्या बाँबनी जवळपास एक लाख माणसं मेली होती, युद्ध लांबलं असतं तर हेच चालू राहिलं असतं, आणि जपानव्याप्त आशियातही रोज माणसं मरत होती. हा मुद्दा झटकून टाकता येत नाही. ट्रुमननी स्वतः १० ऑगस्टला आपल्या परवानगीशिवाय तिसरा बाँब टाकायचा नाही असं सांगितलं.

कायद्याच्या बाजूने, टोकियो जिल्हा न्यायालयाने १९६३ च्या शिमोदा खटल्यात दोन्ही हल्ले बेकायदा ठरवले पण भरपाई नाकारली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ मध्ये अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे कायद्याविरुद्ध म्हटला आणि राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलं असेल तर काय, यावर निश्चित सांगता येत नाही असं ठेवलं, मतं ७-७, अध्यक्षांच्या निर्णायक मताने. २०१७ चा अण्वस्त्रबंदी करार जानेवारी २०२१ पासून लागू आहे, त्यात एकही अण्वस्त्रधारी देश नाही, आणि जपानही नाही.