आजींचं क्रिएटिनीन ‘नॉर्मल’ येतं तेव्हा

पंचाहत्तरीच्या आजीला कॅन्सर निघाला की कोकणातल्या घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. गावातले म्हणतात, “आता या वयात कशाला तिचे हाल?” मुंबईचा मुलगा म्हणतो, “जे काय असेल ते पूर्ण द्या.” दोघांनीही आजीचं शरीर तपासलेलंच नसतं.

कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं मंद असतील तर ते रक्तात रेंगाळतं आणि प्लेटलेट घसरतात. मूत्रपिंडांचा अंदाज आपण रक्तातल्या क्रिएटिनीनवरून घेतो: हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडं बाहेर टाकतात, ती थकली की तो रक्तात वाढतो. पण क्रिएटिनीन बनतं स्नायूंत. वयाबरोबर स्नायू झिजले की ते मुळातच कमी बनतं. मग मूत्रपिंडं थकलेली असली तरी रिपोर्टात आकडा छान दिसतो.

म्हणून मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त क्रिएटिनीनमुक्त करतात याचा हिशेब करावा लागतो: १४० वजा वय, गुणिले किलोतलं वजन, भागिले क्रिएटिनीनची ७२ पट, स्त्री असेल तर पुन्हा गुणिले ०.८५. वय ७६, वजन ४२ किलो, क्रिएटिनीन ०.९ अशा आजींचं उत्तर येतं मिनिटाला ३५ मिलिलीटर. तेवढंच क्रिएटिनीन असलेल्या ४० वर्षांच्या, ६० किलोच्या पुरुषाचं येतं ९३. कार्बोप्लॅटिनचा डोस काढताना यात २५ मिळवून ठरलेल्या लक्ष्यांकाने, म्हणजे रक्तात औषधाचा एकूण प्रभाव किती हवा त्या आकड्याने, गुणतात. लक्ष्यांक ५ धरला तर आजींना ३०० मिलिग्रॅम, त्या पुरुषाला ५९०. रिपोर्टातला आकडा मात्र दोघांचा एकच! उपचारात वजन उतरलं, तर हा हिशेब पुन्हा मांडायचा.

गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या याच मूत्रपिंडांवर ताण आणतात, म्हणून घरातली सगळी औषधं पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवावीत. ‘किडनी साफ करणारे’ काढेही त्यात आले. मूत्रपिंड म्हणजे तुंबलेला पन्हळ नव्हे, काढ्याने ते धुतलं जात नाही.

बाकीची तपासणी सोपी आहे. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. किती सेकंद लागले ते मोजायचं. सहा महिन्यांत पडल्या का, जेवण किती, विसरतात का, पाखाडी एकट्या चढतात का, हेही विचारायचं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत ही माहिती डॉक्टरांच्या हाती दिल्यावर सत्तरीपुढच्या रुग्णांतले गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले, आणि आयुर्मान घटलं नाही.

केमोनंतर आठवड्याभरात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घसरू लागतात. तेव्हा ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला तर पॅरासिटमॉल देऊन सकाळची एसटी बघत बसू नये. रात्री गाडी कोणाची आणि पावसात रस्ता कुठला, हे पहिल्या केमोआधीच ठरवून ठेवावं.