बीबीए की बीबीए-आयबी? फरक कळतो तो इनव्हॉइसवर

प्रवेशाच्या यादीत बीबीए आणि बीबीए-आयबी (आयबी म्हणजे इंटरनॅशनल बिझनेस) ही दोन नावं एकाखाली एक येतात. दोन्ही पदव्या तीन वर्षांच्या, नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या वर्षाचे विषयही बरेचसे सारखेच: अकाउंट्स, अर्थशास्त्र, मॅनेजमेंटची तत्त्वं, बिझनेस कम्युनिकेशन. त्यामुळे ‘आयबी केलं की परदेशात नोकरी, साधं बीबीए केलं की इथेच’ असा समज पसरलेला आहे. त्यात तथ्य नाही. आयबी परदेशी जायला शिकवत नाही, माल परदेशी पाठवायला शिकवतं. आणि ते काम बहुतेक वेळा पुण्याजवळच्या चाकणमध्ये किंवा तळेगावच्या कंटेनर डेपोशेजारच्या ऑफिसातल्या खुर्चीत बसूनच होतं.

एकच माल घेऊन बघू: चाकणच्या कारखान्यातले गाड्यांचे ब्रेकचे भाग.

हा माल इंदूरला विकायचा असेल तर इनव्हॉइसवर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो, किंमत 50 हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन कागद) काढावं लागतं, उधारी किती दिवसांची ते ठरतं आणि पैसे आले नाहीत तर फोन करायचा. किंमत कशी ठरवायची, डीलर कसा सांभाळायचा, खेळतं भांडवल कुठून आणायचं, माणसं कशी टिकवायची, हे साध्या बीबीएचं क्षेत्र. पुढे मार्केटिंग, फायनान्स किंवा एचआर निवडायची मोकळीक तिथे जास्त असते.

आता तोच माल हॅम्बुर्गला न्या. आधी डीजीएफटीकडून (केंद्राचं परकीय व्यापार महासंचालनालय) आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक हवा. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क 500 रुपये. मग एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक: ब्रेकच्या भागांसाठी पहिले सहा आकडे 870830, जगभर तेच. भारतात पुढे आणखी दोन जोडून आठ होतात. कोड चुकला तर ड्यूटी आणि सवलत दोन्ही चुकतात. निर्यातीवर जीएसटी शून्य दराने लागतो, पण कर न भरता माल पाठवायचा तर आधी एलयूटी (जीएसटी विभागाला द्यायचं हमीपत्र) भरलेलं हवं. कस्टम्सचं शिपिंग बिल (निर्यातीचा अर्ज) आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवरून जातं. परदेशी गिऱ्हाइकाने सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशात बनला त्याचा दाखला) मागितलं तर पुण्यात मराठा चेंबर ते देतं.

मग येतात इन्कोटर्म्स, म्हणजे खर्च आणि जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे कुठे जाते ते ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम. 2020 च्या आवृत्तीत असे 11 नियम आहेत. आपल्याकडे सवयीने सगळे ‘एफओबी न्हावाशेवा’ (न्हावाशेवा हे मुंबईजवळचं बंदर) लिहितात. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची असते. कंटेनर मात्र त्याच्या किती तरी आधी डेपोत किंवा टर्मिनलवर दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. मधल्या दिवसांत काही झालं तर भुर्दंड आपल्याला. म्हणून कंटेनरच्या मालाला एफसीए बरं, त्यात माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम घेणाऱ्याकडे जाते. आयबीचा चांगला शिक्षक हे पहिल्या आठवड्यात सांगतो.

सर्वांत जास्त पैसे अडकतात ते लेटर ऑफ क्रेडिटमध्ये (एलसी, म्हणजे ठरलेले कागद बरोबर असले तर पैसे देण्याची बँकेची हमी). समजा, एलसीत शिपमेंटची शेवटची तारीख 30 जून आहे आणि बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने माल घेतल्याची पावती) 1 जुलै पडली. माल उत्तम, गिऱ्हाईक खूश, तरी बँक कागद नाकारू शकते. यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँक मालाकडे बघतच नाही, फक्त कागद तपासते, आणि त्यासाठी तिला जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस असतात. एलसीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर शिपमेंटपासून 21 दिवसांत कागद बँकेत गेले पाहिजेत. इनव्हॉइसमधलं मालाचं वर्णनही एलसीशी जुळायला हवं. एका दिवसाच्या चुकीने लाखोंची रक्कम लटकते.

हे वाचताना कंटाळा आला असेल तर बीबीए घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. उलट ‘एक तारीख चुकली म्हणून पैसे का अडकले?’ याचं कुतूहल वाटलं तर आयबीत मन रमेल. सुरुवातीची नोकरी बहुधा एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनची, फ्रेट फॉरवर्डरकडे (मालवाहतुकीची व्यवस्था करणारी कंपनी) किंवा सीएचएकडे (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट). चकचकीत मुळीच नाही, पण हाताला काम शिकवणारी.

आयबीत परदेशी भाषेचा पेपर असेल तर तेवढ्यावर विसंबू नये. एका-दोन सेमिस्टरच्या भाषेने नमस्कारापलीकडे जाता येत नाही. पुण्यात सोय मोठी आहे: रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग, मॅक्स म्युलर भवन, आलियाँस फ्रान्सेज. पहिल्याच वर्षी जर्मन किंवा जपानी सुरू करून पदवी संपेपर्यंत जर्मनची बी1 किंवा जपानीची एन3 ही मधली पातळी गाठली, तर चाकण-रांजणगावच्या जर्मन-जपानी कंपन्यांत पदवीच्या नावापेक्षा त्याचीच विचारणा आधी होते. साधं बीबीए करणाऱ्यालाही हा रस्ता तितकाच मोकळा आहे.

पुढे एमबीए करायचं म्हणून आत्ता आयबीच घ्यायला हवं असंही नाही. आयआयएफटीच्या (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरिन ट्रेड) एमबीए-आयबीला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो.

प्रवेशाचं थोडक्यात. 2024 पासून या अभ्यासक्रमांना एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) मान्यता लागते आणि राज्याची सीईटी आहे. त्यानंतर काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून घेतलं. तेव्हा माहितीपुस्तिकेवरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, गुणपत्रिकेवर पदवीचं नाव नेमकं काय छापून येणार ते विचारा. ‘इंटरनॅशनल बीबीए’ आणि ‘बीबीए-आयबी’ हेही एक नव्हे; पहिल्यात बऱ्याचदा परदेशी विद्यापीठाशी करार असतो आणि विषय साध्या बीबीएचेच. पुण्यातल्या बीएमसीसीसारखी स्वायत्त महाविद्यालयं अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या पेपरांची यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी मागून घ्या. त्यात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन, परकीय चलन आणि लॉजिस्टिक्स दिसले नाहीत, तर नावात आयबी असूनही तुम्ही साधं बीबीएच करणार आहात.