ग्रामोफोनची पिन आणि सायकलची घंटी: ब्योमकेशच्या ‘रास्ते का काँटा’मागची गोष्ट

दूरदर्शनवरच्या ‘ब्योमकेश बक्षी’ या गुप्तहेर मालिकेचे चाहते जमले की गप्पा कुठूनही सुरू होवोत, थोड्या वेळाने ‘रास्ते का काँटा’ या भागावर येतातच. कलकत्त्याच्या भर रस्त्यात एक पैसेवाला गृहस्थ चालता चालता छातीला हात लावतो आणि कोसळतो. आजूबाजूला गर्दी असते, पण मारेकरी कुणालाच दिसत नाही. लोकांना वाटतं, हृदय बंद पडलं असावं. शवविच्छेदनात मात्र हृदयात रुतलेली ग्रामोफोनची पिन सापडते. मग दुसरा माणूस जातो, तिसरा जातो, सगळं शहर धास्तावतं.

या भागावरचे वाद ठरलेले आहेत. सायकलच्या घंटीतून पिन इतक्या जोरात सुटेल का? या कथेत गुप्तहेर ब्योमकेश आणि त्याचा मित्र अजित जुने सोबती असल्यासारखे वागतात, मग त्यांची ओळख करून देणारा ‘सत्यान्वेषी’ हा भाग पहिला आणि हा दुसरा, हा क्रम कुणी ठरवला? आणि ही मालिका इतकी बंगाली वाटते, तर मग ती मुंबईच्या दिग्दर्शकाने हिंदीत कशी केली? या प्रश्नांची उत्तरं शोधायला मालिकेच्याही साठ वर्षं मागे जावं लागतं, आणि ती वाट मुंबई-पुण्यातून जाते. आपल्याकडच्या चाहत्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं, म्हणून हा प्रपंच.

ब्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा जन्म 1899 चा, जौनपूरचा. घरचे बंगाली, पण वास्तव्य बिहारमध्ये. मुंगेरला त्यांनी काही काळ वकिली केली आणि मग ती सोडून पूर्णवेळ लेखन सुरू केलं. बंगालीत गुप्तहेरकथा तेव्हा नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी पोलीस खात्यातल्या अनुभवांवर ‘दारोगार दप्तर’ ही मालिका काढली होती. त्यानंतर मात्र बाजारात जे येत होतं त्यातलं बरंचसं इंग्रजी कथांचं रूपांतर असे: नावं बदललेली, गल्ल्या बदललेल्या, सांगाडा लंडनचाच. आपल्याकडे मराठीतही त्या काळात फार वेगळं चित्र नव्हतं.

1932 साली शरदिंदूंनी ‘पथेर काँटा’ लिहिली. हीच आपली ‘रास्ते का काँटा’. लिहिण्याच्या क्रमाने ब्योमकेशची ही पहिली कथा. दुसरी ‘सीमान्त हीरा’, जिच्यात हिरा नटराजाच्या मूर्तीत दडवलेला असतो. या दोन कथा झाल्यावर लेखकाला वाटलं, या माणसावर मालिकाच लिहावी. मग ब्योमकेश आणि अजितची गाठ कशी पडली हे सांगणारी ‘सत्यान्वेषी’ लिहिली गेली. म्हणजे क्रमाच्या वादात दोन्ही बाजू बरोबर आहेत. लेखणीतून आधी उतरली ती ग्रामोफोनच्या पिनची कथा, पण ब्योमकेशच्या आयुष्यात आधी घडली ती मेसमधली, म्हणजे भाड्याने राहायच्या वसतिगृहातली, कोकेनच्या धंद्याची. दिग्दर्शक बासू चटर्जींनी दूरदर्शनची मालिका करताना दुसरा क्रम घेतला. दर आठवड्याला नव्याने येणाऱ्या प्रेक्षकाला आधी माणसं कळायला हवीत, तेव्हा त्यांचा निर्णय मला योग्यच वाटतो.

‘पथेर काँटा’ जवळून वाचली की तिची बांधणी थक्क करते. सुरुवात वर्तमानपत्राने होते. अजित बातम्या वाचतो, ब्योमकेश जाहिराती. त्याचं म्हणणं असं की गावात खरोखर काय चाललंय ते जाहिरातींच्या पानावर कळतं. आणि तिथेच त्याला एक विचित्र मजकूर पुन्हा पुन्हा दिसलेला असतो. कुणाला आपल्या वाटेतला काटा दूर करायचा असेल, तर त्याने शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता व्हाइटअवे लेडलॉच्या दुकानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर, दिव्याच्या खांबाला हात टेकून उभं राहावं. नाव नाही, पत्ता नाही, पैशाचा उल्लेख नाही. दुकान अस्सल आहे. कलकत्त्याच्या चौरंगी रस्त्यावरचं व्हाइटअवे लेडलॉ म्हणजे त्या वेळचं साहेबी थाटाचं मोठं भांडार, त्याची घुमटवाली इमारत आजही उभी आहे. याच कंपनीचं मुंबईतलं दुकान हॉर्नबी रोडवर होतं, तिथेच पुढे खादी भांडार आलं. म्हणजे 1932 सालच्या मुंबईकर वाचकालाही तो कोपरा डोळ्यांसमोर आणायला अडचण पडली नसती.

आता पिन. आजच्या तरुण चाहत्यांना पिनच निवडण्यामागचं कारण पटकन लक्षात येत नाही, आणि या भागावरच्या चर्चेत नेमकं हेच निसटतं. त्या काळच्या चावीच्या ग्रामोफोनला पोलादी पिन लागे आणि ती तबकडीची एक बाजू वाजवून झाली की बदलावी लागे. तीच पुन्हा लावली तर तबकडी खराब व्हायची. त्यामुळे पिना छोट्या पत्र्याच्या डबीत मिळत, एका डबीत दोनशे. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्यालाच होता, आधी सियालदहला आणि 1928 पासून दमदमला. ज्या घरात गाणं, त्या घरात पिना, आणि वापरून टाकलेल्या पिना जिकडेतिकडे. मुंबई-पुण्यातल्या नाट्यसंगीताच्या तबकड्या असणाऱ्या घरांतही तेच. अशा वस्तूवरून पोलीस माग काढणार कसा? बंदुकीची गोळी निदान कुठल्या बंदुकीतून सुटली ते सांगते. पिन काहीच सांगत नाही. घराघरात पडलेली, कुणाच्या नजरेत न भरणारी वस्तू खुनाचं हत्यार करणं ही शरदिंदूंची खरी करामत आहे.

सायकलचंही तसंच. शहरात सायकली वाढत होत्या आणि घंटीचा आवाज रस्त्यावरच्या इतर आवाजांत मिसळून गेला होता. सायकलवाला मागून येतो, घंटी वाजवतो, रस्त्यावरचा माणूस सवयीने वळून बघतो. त्याच क्षणी छाती समोर येते. घंटीच्या आत स्प्रिंगची योजना, आणि स्प्रिंग सुटल्याचा आवाज घंटीच्याच आवाजात लपतो. बळी वळतो तोही घंटीमुळे, आणि संशय येत नाही तोही घंटीमुळे. इंजिनीयर मंडळी हिशेब मांडून सांगतात की एवढ्याशा स्प्रिंगने पिन कपडे, कातडी, फासळ्यांमधली जागा भेदून हृदयापर्यंत जाणं कठीण. असेल तसं. मला ही योजना पटते ती यंत्रामुळे नाही, तर माणसाच्या सवयीमुळे. रस्त्यात मागून घंटी ऐकू आली की आजही आपण वळतोच.

एका बळीचा जीव वाचतो तो खिशातल्या घड्याळामुळे, कारण पिन घड्याळात अडकते. तो गृहस्थ ब्योमकेशकडे येतो आणि तपास सुरू होतो. ब्योमकेशच्या ध्यानात येतं की मेलेले सगळे श्रीमंत, उतारवयाकडे झुकलेले आणि निपुत्रिक आहेत. म्हणजे प्रत्येकामागे कुणीतरी वारस ताटकळलेला आहे. खुनी वेडा नाही, तो भाड्याने मिळतो, आणि त्याचं गिऱ्हाईक घरातलं किंवा घराजवळचं आहे. इस्टेटीसाठी माणूस नकोसा होणं हे मराठी वाचकाला नवं सांगायला नको. खुनी कोण ते इथे सांगत नाही, कारण हा भाग अजून न पाहिलेले वाचक असतीलच.

1936 च्या सुमारास दहा कथा झाल्यावर ब्योमकेश थांबला. 1938 साली हिमांशु रायांच्या बोलावण्यावरून शरदिंदु मुंबईला आले, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथा लिहायला. ‘दुर्गा’, ‘कंगन’, ‘नवजीवन’ हे चित्रपट त्या काळातले. पंधराएक वर्षं ब्योमकेशची नवी कथा आली नाही. 1950 च्या दशकाच्या तोंडाशी ‘चित्रचोर’ने तो परतला, 1952 साली शरदिंदूंनी सिनेमाचं काम सोडलं आणि ते पुण्यात येऊन राहिले. पुढची जवळजवळ अठरा वर्षं पुणं हाच त्यांचा मुक्काम होता.

या वस्तुस्थितीकडे मराठी चाहत्यांनी नीट बघायला हवं. ब्योमकेशच्या पूर्ण झालेल्या कथा 32. त्यातल्या 22 या दीर्घ विश्रांतीनंतरच्या, आणि बहुतेक पुण्यातल्या. ‘दुर्ग रहस्य’, ‘चिडियाखाना’, ‘आदिम रिपु’, ‘वह्नि पतंग’ यांतलं कलकत्ता आणि बिहार पुण्यात बसून उभं राहिलं. ‘आदिम रिपु’त तर फाळणीआधीच्या दंगलींचं कलकत्ता आहे, काळा बाजार आहे, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ब्योमकेश नोटांची रास जाळून टाकतो. मालिकेत ही कथा ‘आदिम शत्रू’ नावाने आली. शहरापासून दूर राहणाऱ्या माणसाने ते शहर इतकं खरं लिहावं, यात मला त्या लेखकाची ओढ दिसते. आणि इकडच्या मातीचंही त्यांनी घेतलं. मुलांसाठी त्यांनी बंगालीत सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या कथा लिहिल्या. हा पोर शिवाजी महाराजांच्या माणसांत सामील होतो आणि एकेक कामगिरी फत्ते करतो. बंगालमधल्या मुलांच्या पिढ्यांना मावळ्यांची ओळख त्या कथांनी करून दिली. मराठीत त्या घरोघरी पोचायला हव्या होत्या असं मला मनापासून वाटतं.

ब्योमकेश पडद्यावर आधीच आला होता. 1967 साली सत्यजित राय यांनी ‘चिडियाखाना’ केला, ब्योमकेश होता उत्तमकुमार. पण घराघरात तो गेला छोट्या पडद्यामुळे. 1984 च्या ‘हम लोग’नंतर दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांचा काळ सुरू झाला. 1985 मध्ये पंकज कपूरचा ‘करमचंद’ आला, गाजर खात गुन्हे उकलणारा, सोबत सुश्मिता मुखर्जीची किटी. त्याच वर्षी बासू चटर्जींची ‘रजनी’ आली आणि प्रिया तेंडुलकर देशभर ओळखीची झाली. बासूदा मूळचे व्यंगचित्रकार, मुंबईच्या ‘ब्लिट्झ’मध्ये काम केलेले. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’ यांतून त्यांनी बसस्टॉप, कचेऱ्या, भाड्याच्या खोल्या दाखवल्या होत्या. साध्या माणसाला साध्या खोलीत बसवून बोलतं करणं हा त्यांचा हातखंडा. ब्योमकेशला तेच लागत होतं: हॅरिसन रोडवरचं बिऱ्हाड, पुंटीराम नोकराने आणलेला चहा, वर्तमानपत्र, आणि दोन मित्रांच्या गप्पा.

1993 साली मालिका सुरू झाली तेव्हा उपग्रह वाहिन्या नुकत्याच घरात शिरल्या होत्या. ब्योमकेश झालेला रजित कपूर नुकताच श्याम बेनेगलांच्या ‘सूरज का सातवाँ घोड़ा’त दिसलेला. अजितच्या भूमिकेत के. के. रैना, ज्यांनी बासूदांच्याच ‘एक रुका हुआ फ़ैसला’त एकट्याने वेगळं मत धरणारा ज्युरी उभा केला होता. आणि ब्योमकेशची बायको सत्यवती झाली आपली सुकन्या कुलकर्णी, ‘आभाळमाया’च्या आधीची. अजितच्या कामाचं म्हणावं तितकं कौतुक झालं नाही, असं मला वाटतं. कोडं प्रेक्षकाच्या वतीने विचारणारा, चकणारा, कधी रुसणारा हा मित्र नसता, तर ‘रास्ते का काँटा’मधला तपास नुसती माहिती झाला असता.

पहिला हंगाम 1993 चा, दुसरा 1997 चा, मिळून 34 भाग. बासूदांनी कथा आजच्या काळात ओढून आणल्या नाहीत. धोतर राहिलं, मेस राहिली, ग्रामोफोन राहिला. हा निर्णय किती महत्त्वाचा होता ते याच भागात कळतं. 1993 पर्यंत घराघरात कॅसेट पोचली होती, पिनेची डबी नाहीशी झाली होती. काळ बदलला असता तर हत्यारच हातातून गेलं असतं. 2020 च्या टाळेबंदीत, मार्चअखेरीस, दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा लावल्या, त्यांत ‘ब्योमकेश बक्षी’ही होती. ज्यांनी कधी तबकडी पाहिली नव्हती अशा मुलांनी घंटीचा वाद तेव्हा नव्याने सुरू केला.

त्यांना एक भाग आवर्जून सुचवतो, ‘साही का काँटा’. मूळ कथा 1967 ची, लेखकाच्या अखेरच्या वर्षांतली. कलकत्त्यात पुन्हा कुणीतरी रस्त्यावर माणसं मारतंय, यावेळी पाठीमागून, साळिंदराचा काटा हृदयात खुपसून. बळींमध्ये भिकारी आहे, मजूर आहे, दुकानदार आहे. आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातलेला असतो तो वाचतो, कारण त्याचं हृदय उजव्या बाजूला असतं. पहिल्या कथेत जीव वाचवतं खिशातलं घड्याळ, इथे शरीराचीच जन्मजात उलटी ठेवण. पहिल्या कथेत बळी निवडून टिपलेले, इथे खऱ्या सावजावरचा संशय टळावा म्हणून आधी निरपराध मारलेले. पस्तीस वर्षांनी शरदिंदु जणू त्याच कोड्याकडे परतले आणि ते अधिक क्रूर, अधिक दुःखी करून पुन्हा मांडलं. 1970 मध्ये ते गेले तेव्हा ‘विशुपाल वध’ ही तेहतिसावी कथा अर्धी राहिली होती. ‘रास्ते का काँटा’वर वाद घालायला बसण्याआधी हे दोन्ही भाग लागोपाठ बघा, आधी पिनेचा, मग साळिंदराचा.