सर्व्हिसिंगनंतरची थरथर: चाकाची की इंजिनाची?

गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा उत्तम चालत होती. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, टायर रोटेशन (पुढची चाकं मागे, मागची पुढे करणं), वॉशिंग, एवढंच नेहमीचं काम होतं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून साताऱ्याला निघालो आणि शिरवळच्या अलीकडे काटा ऐंशीच्या पुढे गेला, तसं स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. नव्वदला सगळ्यात जास्त. परत येऊन गॅरेजमध्ये सांगितलं, "गाडी व्हायब्रेट होतेय." त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून वर हात ठेवला आणि निदान केलं की इंजिनाचं माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार) गेलंय, बदलावं लागेल.

त्याच सुमारास माझ्या मावसभावाची उलटी गत झाली. त्याची गाडी सर्व्हिसिंगनंतर सिग्नलला उभी असताना थरथरायची. त्याच्याकडून दोनदा व्हील बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं, करून घेतलं गेलं. उभ्या गाडीची चाकं फिरत नाहीत, मग ती थरथरवणार कशी? पण त्यानेही काउंटरवर तेच सांगितलं होतं, "गाडी व्हायब्रेट होतेय."

या एका शब्दात दोन वेगळे आजार दडलेले असतात, म्हणून हा खटाटोप. एक थरथर गाडीच्या वेगाला बांधलेली असते, दुसरी इंजिनाच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना. गॅरेजमध्ये पहिला प्रश्न विचारतात तो "कुठे थरथरतंय?" हा. खरं म्हणजे "कशाबरोबर थरथरतंय?" हे आधी विचारायला हवं.

हाताला फरक कळत नाही याला कारण आहे. माझ्या गाडीचे टायर १८५/६५ आर १५ मापाचे. त्याचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक एका सेकंदात जवळजवळ १३ वेळा फिरतं. आता उभ्या गाडीचं इंजिन पाहा. आयडलिंग, म्हणजे एक्सलेटर न देता इंजिन फिरतं तो वेग, ७५० आरपीएम धरला तर क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) सेकंदाला साडेबारा वेळा फिरते. तेरा आणि साडेबारा! एक थरथर हायवेवरची, एक सिग्नलवरची, आणि सीटवर बसलेल्या माणसाला दोन्हीचा ठेका जवळपास सारखाच जाणवू शकतो. त्यामुळे अंगाच्या जाणिवेवर भरवसा ठेवून निदान करू नका, करणारा मेकॅनिक कितीही अनुभवी असो.

ओळखायची पद्धत सोपी आहे आणि तिला हत्यार लागत नाही. आधी गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये एक्सलेटर हळूहळू देत आरपीएम हजारापासून तीन हजारापर्यंत न्या. थरथर इथेच सापडली तर चाकांचा काही संबंध नाही. सापडली नाही, तर रस्त्यावर चला. मॅन्युअल गाडी असेल तर ६० चा वेग आधी तिसऱ्या गिअरमध्ये धरा, मग पाचव्यात. वेग तोच, आरपीएम वेगळे. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर ती इंजिनाकडची. जशीच्या तशी राहिली तर चाकाकडची. ज्यांना ही थरथर ९० लाच येते त्यांनी सरळ, मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, क्लच दाबून दोन-तीन सेकंद गाडी आपल्या वेगाने वाहू द्यावी. इंजिन आयडलिंगवर येतं, चाकं मात्र त्याच वेगाने फिरत असतात. तरीही स्टेअरिंग थरथरत राहिलं तर इंजिन निर्दोष आहे. घाटात हे अजिबात करू नका, आणि चावी तर कुठेच बंद करू नका. इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतं, ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि चावी मागे फिरली तर स्टेअरिंग लॉकही होऊ शकतं. ऑटोमॅटिक गाडीत चालत्या गाडीला न्यूट्रलमध्ये टाकण्यापेक्षा मॅन्युअल मोड असेल तर त्यात गिअर बदलून पाहावा.

आता चाकाची बाजू. चाकाच्या तोलातल्या तीस ग्रॅमसारख्या क्षुल्लक फरकाने एवढी मोठी गाडी कशी थरथरेल, असं मलाही वाटायचं. पण फिरत्या वस्तूचं ओढणं वेगाच्या वर्गाने वाढतं. पंधरा इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल तर ताशी १०० ला तो साधारण साडेचार किलो वजनाच्या जोराने चाकाला ओढतो, तेही सेकंदाला चौदा वेळा, दर वेळी फिरत्या दिशेने. ५० ला हाच जोर एक किलोच्या थोडा वर असतो. म्हणून गावात गाडी शहाण्यासारखी चालते आणि हायवेला लागली की त्रास सुरू होतो. त्यात आणखी एक गोष्ट मिळते. चाक, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि सस्पेन्शन यांचा मिळून स्वतःचा हेलकावा सेकंदाला साधारण १० ते १५ वेळांचा असतो. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हात लावला की तो उंच जातो, तसं ८० ते ११० च्या पट्ट्यात चाकाचा ठेका त्या हेलकाव्याशी जुळतो आणि थरथर फुगते. त्याहून पुढे गेल्यावर ती थोडी ओसरली तर दोष गेला असं समजू नका.

स्टेअरिंग थरथरलं तर बहुधा पुढचं चाक, सीट आणि तळ थरथरला तर मागचं. हा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो, आणि माझ्या गाडीचं कोडं याच धाग्याने सुटलं.

मी हायवेवरच्या एका जुन्या टायरवाल्याकडे गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, पुढचं डावं चाक काढलं आणि आतली बाजू उजेडाकडे धरली. अलॉय रिमच्या आत सगळीकडे ब्रेकची काळी भुकटी बसलेली होती, आणि मधेच बोटभर लांबीचा एक स्वच्छ, चौकोनी, चंदेरी पट्टा. त्यावर डिंकासारखा चिकट थर शिल्लक होता. "दादा, हितलं वजन पडलंय," ते म्हणाले आणि नखाने तो चिकटा खरवडून दाखवला. चाक मशीनवर चढवल्यावर आतल्या बाजूला ३० ग्रॅम दाखवलं. अलॉय रिमला वजनं बहुधा चिकटवलेली असतात, लोखंडी रिमसारखी कडेला ठोकलेली नसतात. जोराच्या पाण्याने धुताना ती निघू शकतात. माझं आधीच पडलं होतं की वॉशिंगमध्ये पडलं, हे सांगता येणार नाही. पण हे चाक आधी मागे होतं, रोटेशनमध्ये ते पुढे आलं. मागे असताना जी थरथर सीटखाली कदाचित विरून जात होती, ती पुढे आल्यावर थेट माझ्या हातात आली. सर्व्हिसिंगमध्ये कोणी काही मोडलं असेलच असं नाही, दुखणं जागा बदलून उघडं पडतं. गॅरेजवाल्याशी भांडायला जाण्याआधी ही शक्यता जरूर तपासा.

चाकं काढून परत बसवली असतील तर आणखी दोन गोष्टी होतात. रिम आणि हब जिथे टेकतात तिथे गंज किंवा माती राहिली तर चाक किंचित तिरकं बसतं. असं चाक मशीनवर बॅलन्स केलं तर शून्य दाखवतं आणि गाडीवर लावलं की पुन्हा थरथरतं. कोकणातून लाल चिखल तुडवून आलेल्या गाड्यांच्या रिममध्ये सुकलेला चिखलही हाच उद्योग करतो, तिथे आधी खरवडणं आणि मग बॅलन्सिंग. दुसरी गोष्ट नटांची. लहान गाड्यांचे व्हीलनट साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरने आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. हवेच्या गनने एकेक नट कसाबसा खेचला तर चाक एका बाजूला दबतं, आणि पुढे ब्रेक डिस्कही किंचित वाकडी होऊ शकते. नट समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळले पाहिजेत.

उलट, नट सैल राहिले असतील तर ती थरथर ९० ची वाट पाहत नाही. ३०-४० लाच चाक डगमगल्यासारखं वाटतं, टकटक ऐकू येते आणि दर किलोमीटरला ती वाढते. असं वाटलं तर पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ नका. तिथेच बाजूला घ्या, डिकीतला पाना काढा आणि नट बघा. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

आता मावसभावाच्या गाडीकडे. तिचं लक्षण अगदी स्वच्छ होतं. उभी असताना थरथर, एसी लावला की जास्त, आणि आरपीएम दीड हजारावर नेले की जवळजवळ गायब. मेकॅनिक लोक याला 'मिसिंग' म्हणतात, म्हणजे एखादा सिलिंडर आपली पाळी चुकवतोय. सर्व्हिसिंगमध्ये प्लग तपासले होते. ते काढताना इग्निशन कॉइलचं (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचं) कनेक्टर सोडावं लागतं, आणि परत लावताना एकाचा 'टक्' झालाच नव्हता. वरून पाहिलं तर बसल्यासारखं दिसत होतं, बोटाने दाबल्यावर बसलं. जिथे हात लागला तिथे आधी शोधा, एवढं त्यातून घेता येतं. एअर फिल्टर बदलला असेल तर त्याच्या डब्याच्या क्लिपा आणि पुढे जाणारा रबरी पाइप पाहा, तिथून न मोजलेली हवा आत शिरली की आयडलिंग डळमळतं. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ केली असेल तर काही गाड्यांत आयडलिंग स्कॅनर लावून पुन्हा शिकवावं लागतं. खालचं प्लास्टिकचं आवरण ऑइलसाठी काढलं असेल आणि एखादा स्क्रू राहिला असेल, तर ठराविक आरपीएमला ते गुणगुणतं आणि माणूस इंजिनाला नावं ठेवतो. नुसत्या ऑइल बदलण्याने मात्र गाडी थरथरत नाही, योग्य ग्रेडचं आणि योग्य पातळीला भरलं असेल तर.

माउंटिंगबद्दल दोन शब्द, कारण संशय आला की आधी त्याच्याकडेच बोट जातं. माउंटिंग थरथर निर्माण करत नाही, इंजिनाची मुळातलीच थरथर ते शोषून घेतं. ते फाटलं तर गाडी उभी असतानाच, विशेषतः ऑटोमॅटिक गाडी ड्राइव्हमध्ये ब्रेकवर उभी असताना, सगळी केबिन हलते आणि गिअर टाकताना ठोका बसतो. नव्वदला येणारी आणि क्लच दाबल्यावरही टिकणारी थरथर त्याच्या माथी मारू नये. शिवाय तीन सिलिंडरची इंजिनं जात्याच थोडी जास्त थरथरतात. २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडरचं इंजिन आलं. जुनी स्विफ्ट वापरलेल्या माणसाला सिग्नलवर पहिल्यांदा फरक जाणवला तर त्यात नवल नाही, आणि बिघाडही नाही.

काही थरथरी या दोन्ही घरच्या नसतात. फक्त ब्रेक दाबल्यावर पायाखाली आणि स्टेअरिंगमध्ये धडधड आली तर डिस्क पाहा. एक्सलेटर देताना येते आणि पाय उचलला की जाते, तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट. यात फसगत होते, कारण क्लच दाबल्यावर हीदेखील थांबते आणि दोष इंजिनाचा वाटतो. पण उभ्या गाडीत ती सापडत नाही, तिथे ती पकडली जाते. आणि काँक्रीटच्या रस्त्यावरची ठराविक ठकठक सांध्यांची असते, डांबरावर उतरलात की संपते.

बिलावर नेहमी जोडीने येणारी दुसरी गल्लत म्हणजे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ चालताना स्टेअरिंग वाकडं राहतं, टायर एका कडेने झिजतो. थरथर हे त्याचं थेट लक्षण नाही. तसंच बराच काळ चाललं तर टायर खड्ड्याखड्ड्यांनी झिजतो आणि मग घोंघावतो, थरथरतोही, पण तेव्हा नुसते कोन नीट करून उपयोग नसतो, टायरच बदलावा लागतो. थरथरीच्या तक्रारीवर नुसतं अलाइनमेंट करून गाडी परत देत असतील, तर थांबवून विचारा.

जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजमध्ये तक्रार लिहून घेतात त्या कागदावर, "व्हायब्रेशन" एवढंच लिहू देऊ नका. मी आता असं लिहायला लावतो: "८० ते १०० मध्ये स्टेअरिंग थरथरतं, क्लच दाबल्यावरही थांबत नाही, ब्रेकने फरक पडत नाही, उभ्या गाडीत नाही." एवढं लिहिलं की बॉनेट उघडायचं कारणच उरत नाही. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्याने त्याच वेगाने नेऊन आणा.

बॅलन्सिंग नीट होऊनही चाकाची थरथर राहिली, तर टायर गोल आहे का ते पाहावं लागतं. बॅलन्सिंगचं साधं मशीन वजन पाहतं, गोलाई पाहत नाही. खड्ड्यात आपटून टायरला फुगा आला असेल किंवा रिम बेंड झाली असेल, तरी ते शून्य दाखवू शकतं. अशा वेळी चाक मशीनवर हळू फिरवायला सांगा आणि टायरच्या कडेजवळ पेन स्थिर धरा. पेन आणि रबर यांच्यातली फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. स्टेपनी लावून पडताळायचा मोह होतो, पण बऱ्याच गाड्यांची स्टेपनी आता लहान मापाची असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते, म्हणजे नेमक्या त्या वेगाला ती चाचणी होतच नाही. त्यापेक्षा संशयाचं पुढचं चाक त्याच बाजूच्या मागच्या चाकाशी बदलून पाहा. थरथर हातातून निघून सीटखाली गेली, तर चाक सापडलं.