पळसमैना गेल्या, चातक यायचा आहे

मार्चमध्ये आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या पळसावर पळसमैनांचा नुसता गलका असायचा. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि फुलातला रस पिऊन पिऊन कपाळाला लागलेले पिवळे पराग. कोणी त्यांना भोरड्या म्हणतात. आता मे अर्धा सरला. पळस मोठाल्या पानांनी हिरवा झालाय आणि मैनांचा पत्ता नाही.

उन्हाच्या तडाख्यानं त्या पळाल्या असं सगळेच म्हणतात. पण ऊन पेटायच्या आधीच त्यांची तयारी सुरू झालेली असते. आपल्याकडे हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान आणि जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवसात जेमतेम अडीच तासांचा फरक. तेवढा त्यांना पुरतो. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. कवटीतून झिरपणारा उजेड थेट तिथवर पोचतो. दिवस मोठा होऊ लागला की शरीरातली संप्रेरकं बदलतात, भूक वाढते, अंगावर चरबी चढते. तीच वाटेची शिदोरी. मग थवे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांकडे निघतात. तिथे मे-जूनमध्ये नाकतोडे माजलेले असतात, पिल्लांना भरवायला तेच लागतात. पिल्लं उडती झाली की लगेच परत! जुलै-ऑगस्टपासून भारतात त्यांचे थवे पुन्हा दिसू लागतात.

इकडे बहावा पिवळाजर्द लटकलाय. तो फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, असं जुनी माणसं सांगतात. झाडाला ढगांची खबर नसते. बहावा एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात फुलतो आणि विदर्भात मान्सून साधारण जूनच्या मध्यावर येतो, म्हणून हिशेब बहुतेक वेळा जुळतो. तरीही ते निरीक्षण मला मोलाचं वाटतं.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपत आला की माझे कान चातकाकडे लागतात. काळापांढरा, डोक्यावर तुरा. नैऋत्य वाऱ्याच्या साथीनं आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येणारा हा पाहुणा. 2020 मध्ये देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली, ती हाच प्रवास समजून घ्यायला. चोच वासून पावसाचा थेंब झेलतो ही कविकल्पना. त्याला खऱ्या हव्या असतात त्या पहिल्या पावसानंतर कोवळ्या पाल्यावर येणाऱ्या अळ्या. आणि हवं असतं सातभाई पक्ष्याचं घरटं. त्यातल्या निळ्या अंड्यांत तो आपलंही निळंच अंडं घालून जातो.

दरवर्षी त्याची पहिली हाक ऐकली की मी कॅलेंडरवर खूण करतो. बांधावरच्या बाभळीत सातभाईंची कलकल चालू आहे. यंदाची खूण अजून व्हायची आहे.