गाडी पाहिजे की तिकिटं?

आमच्या भजनी मंडळाचा खजिनदार मी. म्हणजे वह्या लिहायच्या आणि बोलणी खायची. 2025 च्या आषाढीला 44 जणांनी मिळून पंढरपूरला जायचं ठरलं, तेव्हा तालुक्याच्या आगारात जाऊन मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "साहेब, एसटी ठरवायचीय. निम्म्याहून जास्त बायकाच आहेत, तेव्हा अर्ध्या तिकिटाचा हिशेब करा." खिडकीपलीकडच्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवला. "काका, गाडी पाहिजे की तिकिटं पाहिजेत?"

आधी वाटलं, चेष्टा करतोय. पण मी एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या होत्या. आपण बोलताना दोन्हीला "गाडी केली" असंच म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट प्रासंगिक करार. लग्नाच्या वऱ्हाडापुढे लालपरी उभी दिसते, काचेवर "प्रासंगिक करार" अशी पाटी असते, ती ही. यात तुम्ही आख्खी गाडी भाड्याने घेता. पैसे किलोमीटरवर आणि दिवसांवर ठरतात. आत कोण बसलंय, किती बसलेत, याच्याशी भाड्याला देणंघेणं नाही. दुसरी गोष्ट जादा गाडी. ती तुमच्या मागणीवरून सुटते, तुमच्या गावातूनही सुटेल, पण आत बसलेला प्रत्येक जण आपापलं तिकीट काढलेला प्रवासी असतो. त्या वर्षी आषाढीला महामंडळाने 5200 जादा गाड्या सोडायचं जाहीर केलं होतं आणि एका गावचे 40 किंवा जास्त प्रवासी असतील तर थेट गावातून पंढरपूरला गाडी देऊ, असंही सांगितलं होतं. मी ऐकलं होतं हे, आणि डोक्यात घेऊन गेलो होतो वऱ्हाडाची गाडी.

हा फरक काही आगारातल्या माणसाच्या मनचा नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातच दोन व्याख्या वेगळ्या आहेत. प्रत्येक प्रवासी स्वतंत्र भाडं देतो, पूर्ण प्रवासाचं किंवा एखाद्या टप्प्यापुरतं, ती टप्पा वाहतूक. एसटीचा टप्पा 6 किलोमीटरचा, तिकिटाचा दर त्यावरच बांधलेला. आणि सगळी गाडी एका करारावर, ठरलेल्या रकमेला घेतली, आणि करारात नसलेला माणूस वाटेत कुठेही चढवायचा-उतरवायचा नाही, ती कंत्राटी वाहतूक. प्रासंगिक करार या दुसऱ्या खणातला. ट्रॅव्हल्सवाल्याकडून सहलीला घेतलेली बसही त्याच खणातली.

आता सवलतीचं बघा, कारण भांडणं तिथेच होतात. बायकांना अर्धं तिकीट 17 मार्च 2023 पासून आहे. 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास फुकट, 65 ते 75 मधल्यांना निम्मं. पण ही सवलत माणसाला आहे, गाडीला नाही. वाहक प्रत्येक सवलतीचं तिकीट मशीनवर काढतो, अगदी 75 वरच्या आजोबांनाही शून्य रुपयाचं तिकीट हातात देतो. ते उगाच नाही. सोडून दिलेले पैसे महामंडळ सरकारकडून भरून घेतं, आणि त्याचा हिशेब त्या तिकिटांवर चालतो. करारावर तिकीटच निघत नाही, मग सवलत कुठल्या कागदावर लिहायची? खिडकीतल्या माणसाने मला हे दोन वाक्यांत सांगितलं आणि माझी ऐट उतरली.

हिशेब तिथेच पावतीच्या पाठीवर मांडला. सोप्यासाठी पूर्ण तिकीट 250 धरलं. आमच्यात 75 वरचे 6, अर्ध्या तिकिटाचे 30, पूर्ण तिकिटाचे आम्ही 8 बापये. एका बाजूचे 5750, जाऊन-येऊन 11,500. सवलत नसती तर 22,000. करारावर गाडी घेतली असती तर ती आगारातून निघाल्यापासून परत आगारात लागेपर्यंतचे किलोमीटर, आणि तेही सवलतीविना. वर जीएसटी आहेच. साध्या गाडीच्या तिकिटावर तो लागत नाही, गाडीच भाड्याने घेतली की लागतो. भजनी मंडळाला हे परवडणारं नव्हतं. शाळांचं मात्र वेगळं. शैक्षणिक सहलीला एसटी करारावरही निम्मी सवलत देते, त्यामुळे शाळेत नोकरी केलेला माणूस "आम्हाला तर मिळाली होती" म्हणून हटून बसतो. आमच्याकडे गुरुजी बसले होते. त्यांचं खरं होतं, फक्त आम्ही शाळा नव्हतो.

मग करार घ्यायचा कधी? गाडी तुमच्यासाठी थांबायला हवी असेल तेव्हा. हा फरक पैशाइतकाच मोठा आहे. जादा गाडीने आम्ही पंढरपुरात तात्पुरत्या बसस्थानकावर उतरलो आणि आमचा आणि त्या गाडीचा संबंध संपला. ती परत फिरली, दुसरी माणसं भरायला. येताना दुसरी गाडी, नवीन तिकीट. पिशव्या, वीणा, पखवाज सगळं काखोटीला मारून दर्शनाची रांग. (पखवाज रांगेत कोणी धरायचा यावर जो वाद झाला तो इथे लिहीत नाही.) उलट जेजुरी, मोरगाव, थेऊर एका दिवसात करायचं म्हटलं तर जादा गाडीचा काही उपयोग नाही. तिथे गाडी पायथ्याशी उभी पाहिजे, म्हाताऱ्यांना मध्येच येऊन टेकता आलं पाहिजे, डबे तिच्यातच राहिले पाहिजेत. वऱ्हाडाचंही तेच. लग्न लागायला उशीर झाला म्हणून तिकिटाची गाडी कोणासाठी थांबत नाही.

खासगी बस घेणार असाल तर ते करारासारखंच समजा, फक्त अटी लेखी कमी आणि तोंडी जास्त असतात. "किलोमीटरला इतके" एवढ्यावर मान डोलावू नका. दिवसाला किमान किती किलोमीटर धरलेत ते विचारा. किमान 300 धरले असतील आणि तुमची गाडी 120 धावली, तरी पैसे 300 चेच जातात. किलोमीटर त्यांच्या गॅरेजपासून मोजणार की तुमच्या दारापासून, टोल-पार्किंग कोणाचं, चालकाचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम कोणी बघायचा, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि वाटेत "दोन सीट रिकाम्या आहेत, आपलीच माणसं आहेत" म्हणत कोणाला चढवू लागला तर सरळ नाही म्हणा. कराराच्या गाडीत ते चालत नाही, कायद्याचेच शब्द आहेत ते. एरवी रात्री पुण्यातून सुटणाऱ्या खासगी गाड्या सीटवार तिकिटं विकतात आणि परवाना कंत्राटी असतो, हे सगळ्यांना दिसतं. पण तो जुना वाद आहे, आपल्या सहलीत त्याची भर नको.

एक गोष्ट सीमेची. तिकिटावरची ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. अक्कलकोटपर्यंत अर्धं तिकीट चालेल, पुढे गाणगापूर कर्नाटकात आहे, तिथे सीमेनंतर पूर्ण. आणि आख्खी गाडी राज्याबाहेर न्यायची तर त्या राज्याचा कर आणि परवाना आधी विचारायचा, नाक्यावर पोचून नाही.

शेवटी आम्ही तिकिटंच घेतली. निघायच्या आदल्या संध्याकाळी शांताबाईंचा गुडघा सुजला आणि त्यांच्याबरोबर सूनबाईही राहिल्या. मी घाबरत आगारात फोन लावला. "दोन माणसं कमी झाली, आता?" पलीकडून तोच माणूस म्हणाला, "मग बेचाळीस तिकिटं, काका. करार असता तर रिकाम्या सीटचे पण तुम्हीच भरले असते." खिशातल्या वहीत मी 44 खोडून 42 केले आणि शांताबाईंकडे प्रसाद कोणी पोचवायचा ते लिहून ठेवलं.