खानदेशातील हिवाळा आणि लहान मोटारीचे इंजिन तापणे

थंड इंजिन सुरू केल्यापासून त्यातले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) साधारण ८५ ते ९० अंश सेल्सिअसला पोहोचेपर्यंतच्या काळाला इंजिन तापण्याचा काळ म्हणतात. या काळात गाडी जास्त पेट्रोल खाते. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) मिश्रणात पेट्रोल वाढवतो. ऑइल घट्ट असल्याने घर्षणही वाढते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीप्रमाणे, सुमारे उणे ७ अंशांत पेट्रोल मोटारीचे शहरातले ॲव्हरेज २५ अंशांच्या मानाने साधारण १५ टक्क्यांनी घटते. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ही घट आणखी वाढते.

खानदेशात इतकी थंडी नसते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे सुटले की धुळे, जळगावचा पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. रावेर-यावलच्या केळीची वाढ खुंटायला तेवढी थंडी पुरते. पण दुपारी पारा पुन्हा २८-३० अंशांपर्यंत चढतो. एवढ्या थंडीने सुस्थितीतल्या गाडीच्या ॲव्हरेजमध्ये फार फरक पडायला नको. तो पडत असेल, आणि गाडी जुनी असेल, तर आधी उन्हाळ्यात तिच्यावर काय काम झाले ते आठवावे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. गाडी गरम होऊ लागली की काही गॅरेजांत दोन झटपट उपाय होतात: थर्मोस्टॅट काढून टाकणे आणि रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे चावी फिरवताच तो सतत फिरेल असा जोडणे. थर्मोस्टॅटमध्ये मेण भरलेली छोटी डबी असते. कूलंट सुमारे ८२ ते ८८ अंशांवर गेले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जाते. तोपर्यंत ते इंजिनातच फिरत राहते. झडपच नसेल तर पहिल्या मिनिटापासून सगळे कूलंट रेडिएटरमध्ये निवते. जानेवारीत अशा गाडीचा तापमानाचा काटा मधोमध येतच नाही, ईसीयू इंजिन थंडच आहे असे समजून जादा पेट्रोल देत राहतो आणि हीटरमधून कोमट हवा येते. गाडी गरम होण्याचे मूळ कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर, गळका पाण्याचा पंप किंवा कूलंटऐवजी भरलेले बोअरचे क्षारयुक्त पाणी हे असते. ते दुरुस्त करायला हवे. थर्मोस्टॅट जागेवर राहिलाच पाहिजे.

तपासणी सोपी आहे. सकाळी थंड गाडी सुरू करून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हाताने पाहावा. हात फॅनपासून दूर ठेवावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होऊ लागला, तर झडप उघडी अडकली आहे किंवा ती नाहीच. स्कॅनरवर ‘पी ०१२८’ हा कोड आला तरी संशय तिच्यावरच घ्यावा. काही लहान मोटारींत काट्याऐवजी निळा दिवा असतो. तो फार वेळ विझत नसेल तर हीच तपासणी करावी.

दारात पाच-दहा मिनिटे गाडी नुसती चालू ठेवण्याची सवय सोडावी. रिकामे चालणारे इंजिन सावकाश तापते आणि ते पेट्रोल एक किलोमीटरही पुढे नेत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीला अर्धा मिनिट पुरे; नंतर काटा वर येईपर्यंत रेस न देता हळू चालवावी. तोरणमाळला मुक्काम करून पहाटे निघणाऱ्यांनीही हेच करावे. काटा हलल्यावर हीटर लावावा. तो इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरतो, म्हणून त्याचा पेट्रोलवर भार जवळजवळ पडत नाही. थंड देशांत रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात, पण इथल्या दुपारी तो धोक्याचा ठरेल.

दूध, शाळा, बाजार अशा तुटक फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही. ज्वलनातून झालेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, झाकणाखाली पांढुरका थर दिसतो. कामे एका फेरीत जोडावीत, आठवड्यातून एकदा तरी लांब चालवावी. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच घालावे. ५डब्ल्यू-३० मध्ये ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते थंडीत पातळ राहते.

पारा उतरला की टायरमधली हवा दर १० अंशांमागे साधारण २ पीएसआयने उतरते. दुपारी, गाडी चालवून आल्यावर मोजलेला आकडा पहाटे खरा राहत नाही, म्हणून हवा सकाळी थंड टायरवरच तपासावी.